काषाय, कंथा आणि खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. या दिवशी ज्याने त्याने आपापले हत्यार पुजावे असा कुळाचार आहे. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, सुतार करवत आणि रंधा, लोहार घण. आमच्या पंढरपुरात शिंपीबांधवांच्या दुकानी या दिवशी शिवणयंत्रे तेलपाणी करून चकचकीत पुसलेली असतात. पाटावर कात्री, गज आणि इस्त्री मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेले असते, झेंडूची माळ घातलेली असते. त्या दिवशी त्या कात्रीने चिंधीसुद्धा कापीत नाहीत. दुसरा दिवस विजयादशमीचा. लहान मुले पाटीवर सरस्वती काढतात, आम्ही पोथ्यापुस्तके पुजतो, आणि विद्यारंभास हा मुहूर्त न पाहता घेतात.

आज हत्याराची पूजा आणि उद्या विद्येची, असे हे दोन दिवस शेजारी शेजारी नांदतात. आमच्या घरांतून मात्र या दोहोंची फारकत होऊन किती काळ लोटला आहे! पोथी देव्हाऱ्याजवळ असते आणि सुईदोऱ्याचा डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यात. पोथीला गंधफूल मिळते. ज्या सुईने घरातल्या चार पिढ्यांची झबली-टोपडी शिवली, तिला हळदकुंकवाचे बोट लावावे हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. अलीकडे नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग ठरवून त्या त्या रंगाची साडी नेसण्याची चाल पडली आहे. धर्मशास्त्रात तिला आधार आम्हांस आढळला नाही. पण भगिनींचा आनंद पाहून आम्ही तिला नावेही ठेवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जिच्या अंगावर आज पिवळे वस्त्र आहे तिला ते पिवळे कशाने झाले हेही ठाऊक असावे.

आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होते, आणि त्याची गणना ते विद्येतच करीत. वात्स्यायनांनी सांगितलेल्या चौसष्ट कलांत गीत, वाद्य आणि नृत्य यांच्याच पंक्तीला सूचीवानकर्म, म्हणजे सुईचे व विणण्याचे काम, बसलेले आहे. आणि त्याच पंक्तीत दात, वस्त्र व अंग रंगविण्याची कलाही आहे. भगवान पाणिनींचा दाखला तर याहून नवलाचा. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाचा दुसरा पाद सुरू होतो तोच मुळी रंगाऱ्याच्या परसात. अमुक रंगाने रंगविलेले, या अर्थी शब्द कसा साधावा, हे त्या पादातले पहिले सूत्र. लाख आणि गोरोचना यांच्यासाठी प्रत्यय वेगळा, हे दुसरे. पुढे वार्तिककारांना नीळ, हळद आणि करडईचे फूल यांची निराळी सोय लावावी लागली. ज्या समाजात हे शब्द रोजच्या तोंडी असतात, त्याच समाजाच्या व्याकरणाला असल्या बारकाव्यात शिरावे लागते. याच प्रकरणी टीकाकार जी उदाहरणे देतात, त्यांत मांजिष्ठ आणि कौसुंभ यांच्या जोडीला एक शब्द येतो, तो आपल्या फार ओळखीचा आहे: काषाय.

काषाय म्हणजे संन्याशाचे भगवे वस्त्र. कोशात एवढ्यावर भागते. पण मूळ शब्द कषाय. आणि कषाय म्हणजे षड्रसांपैकी तुरट रस. हिरडा चघळला असता जीभ आवळून येते, तो कषाय. जिभेच्या रसाचे नाव यतीच्या छाटीस का मिळावे? याचे उत्तर आम्हांस कोणत्या ग्रंथात नव्हे, तर एका आक्कांच्या परसात मिळाले.

या आक्का भावसार समाजातल्या. या समाजाचा पिढीजात व्यवसाय कापड रंगविण्याचा व छापण्याचा. पुढे पुष्कळ घरे शिवणकामाकडे वळली. हिंगलाजमाता ही त्यांची कुलस्वामिनी, तेव्हा नवरात्र त्यांच्या घरी मोठ्या निष्ठेने चालते. आक्कांनी वयाची सत्तरी ओलांडली आहे. वडिलांच्या हाताखाली त्यांनी निळीचा रांजण पाहिला, आणि सासरी आल्यावर उभा जन्म शिवणयंत्रावर काढला. आता दर शनिवारी दुपारी त्यांच्या परसात दहाबारा मुलेमुली आणि काही सुना जमतात. शुल्क काही नाही; येताना प्रत्येकाने घरातले एक जुने सुती कापड आणावे, एवढा नियम. आमची नात तेथे जाते, म्हणून आम्हीही अधूनमधून जाऊन ओट्यावर बसतो.

पहिल्या शनिवारी मुलांना वाटले होते की आज रंगांत हात बुडवायचे. आक्कांनी कापडे भिजवून रिठ्याच्या पाण्यात उकळायला ठेवली, आणि दुपार संपली! दुसऱ्या शनिवारी हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड बुडवले, पिळून सावलीत वाळवले. तिसऱ्या शनिवारी तुरटीचे पाणी. रंगाचा अजून पत्ता नाही. एक मुलगा कंटाळून म्हणाला, "आक्का, रंग कधी?" आक्का म्हणाल्या, "बाळा, कापड आधी उपाशी पाहिजे. त्याच्या पोटात तेल आणि खळ बसलेली असली तर रंग कुठं बसणार?" आणि आमच्याकडे वळून, "बुवा, तुम्ही पण उपास करून कीर्तनाला उभं राहता न्हवं?"

सुती धाग्याचा स्वभावच असा, की बहुतेक वनस्पतिरंग त्याला आपण होऊन चिकटत नाहीत; पाण्याबरोबर निघून जातात. हिरड्यातील तुरट द्रव्य धाग्याला धरते, त्या द्रव्याला तुरटीतले क्षार धरतात, आणि त्या दोघांच्या मध्ये रंग अडकून बसतो. रंगाच्या अगोदर कापडाला कषाय पाजावा लागतो. शिवाय पुष्कळशा साली, मुळ्या आणि फळे ज्यांपासून रंग निघतो ती स्वतःच तुरट असतात, आणि त्यांच्या काढ्यालाही कषाय असेच म्हणतात. जिभेचा रस, वैद्याचा काढा आणि यतीचे वस्त्र या तिहींना एक नाव का, हे त्या परसातल्या तीन शनिवारांत आमच्या डोळ्यांसमोर उलगडले. तुरटी हे नावही तुरट चवीवरून आलेले आहे, हे सांगावयास नकोच.

चौथ्या शनिवारी मंजिष्ठ आली. ही वेल सह्याद्रीतही वाढते. तिच्या वाळलेल्या मुळ्या कुटून रात्रभर भिजत घातल्या होत्या. हंडा मंद आचेवर ठेवून आक्कांनी त्यात एका कोपऱ्याला हिरडा-तुरटी दिलेले कापड सोडले आणि दुसऱ्या कोपऱ्याला तसेच नुसते धुतलेले. तासाभराने दोन्ही बाहेर काढून पाण्यात खळबळली. नुसते कापड फिकट गुलाबी झाले होते, ते दुसऱ्या पाण्यात आणखी उतरले. दुसरे मात्र विटकरी लाल होऊन बसले. कितीही पाण्यांतून काढले तरी जाईना. मुलांना आक्कांनी शब्दाने काही शिकविले नाही. दोन्ही कापडे दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातली, आणि तोंडात पानाचा विडा घालून त्या बसून राहिल्या.

ते लाल कापड पाहताना आम्हांस साहित्यदर्पण आठवले. चौदाव्या शतकातील विश्वनाथ पंडितांनी त्या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रेमाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्या तिहींची नावे रंगाऱ्याकडून घेतली आहेत. नीलीराग तो, जो फारसा झळकत नाही पण जातही नाही. कुसुंभराग झळकतो, पण निघून जातो. मंजिष्ठाराग झळकतोही आणि टिकतोही. संस्कृतात राग म्हणजे रंग आणि रागच म्हणजे अनुराग, तेव्हा एवढा श्लेष विद्यार्थ्यांना कळतो. परंतु त्यातील रसायन किती अचूक आहे, हे हंड्याजवळ बसल्याखेरीज कळत नाही. कुसुंभ म्हणजे आपली करडई. सोलापूर आणि मराठवाड्याच्या रानांतून ती तेलासाठी होते. फुलांकडे कुणी पाहत नाही. त्या फुलांतला पिवळा अंश पाण्याने धुऊन काढला, मग उरलेला लाल अंश खाराच्या पाण्यात उतरविला आणि लिंबाच्या किंवा चिंचेच्या आंबटाने कापडावर बसविला, की असा गुलाबी-लाल उठतो की डोळे दिपावेत. पण चार उन्हे आणि चार धुणी झाली, की तो राहत नाही. निळीची तऱ्हा याहून वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. रांजणात चुना आणि गूळ घालून ती आंबवावी लागते. त्या पाण्यातून कापड वर काढले म्हणजे ते पोपटी-पिवळे दिसते, आणि वारा लागता लागता पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत निळे होते. निळीला हिरडाही नको आणि तुरटीही नको. पंढरीच्या सावळ्या परब्रह्माचे कीर्तन करणाऱ्याने हे दृश्य एकदा पाहावेच, अशी आमची प्रेमाची शिफारस आहे.

हळदीची गोष्ट तर आमच्या गावच्या घरोघर ठाऊक आहे. हळदीला खाराचा संसर्ग झाला की ती लाल होते, आणि त्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या कुंकू सिद्ध होत आले. पण हळदीने रंगविलेले कापड उन्हात टिकत नाही. म्हणून रंगाऱ्याच्या हिशेबी हळद कुसुंभाच्याच गोत्रातली.

असो. हे सारे गोड वर्णन करून थांबता आले असते, तर लेखणी येथेच ठेवली असती. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला, आणि त्याचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

आमच्या परिचयाचे एक सद्‌गृहस्थ, निष्ठावंत, नित्य काकड्याला जाणारे. त्यांची कन्या पदवीधर झालेली. ती आक्कांच्या परसात येऊ लागली, आणि काही महिन्यांनी तिने घरात सांगितले की मी हेच काम करणार, कापड रंगवून आणि शिवून विकणार. घरात मोठा खळखळाट झाला. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "बुवा, छंद म्हणून ठीक आहे. पण रंगाऱ्या-शिंप्याचा धंदा आमच्या घरात कसा चालेल? तुम्ही शास्त्र जाणता. शास्त्र काय सांगते ते सांगा, म्हणजे ती ऐकेल."

शास्त्र विचारले म्हणजे शास्त्र लपवून ठेवता येत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांच्या घरचे अन्न घेऊ नये अशांची एक लांबलचक यादी आहे. तीत तुन्नवाय, म्हणजे शिंपी, आहे. रंजक, म्हणजे रंगारी, आहे. आणि कपडे धुणाराही आहे. दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने आपत्काळीही विकू नयेत अशा वस्तूंत नीळ आणि लाख यांची नावे आहेत. नीळ लावलेले वस्त्र धर्मकृत्यात निषिद्ध मानणाऱ्या स्मृती आहेत. शिवलेले वस्त्र सोवळ्यात चालत नाही, हा तर आजही पुष्कळ घरांचा रिवाज आहे. म्हणजे वस्त्र सगळ्यांना हवे. पाणिनींना त्याच्यासाठी सूत्र हवे, आलंकारिकांना त्याची उपमा हवी. पण ज्याचे हात त्या रंगाने माखले त्याच्या घरचे अन्न मात्र नको! हे आम्ही त्या गृहस्थांना वाचून दाखविले. त्यांचा चेहरा खुलला. मग आम्ही म्हणालो, आता श्रीमद्‌भागवतही ऐका.

दशमस्कंधाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात रामकृष्ण मथुरेच्या राजमार्गावरून चालले आहेत. प्रथम भेटतो तो रजक; भागवतकार त्याला रंगकार असेही म्हणतात. भगवंत त्याच्याकडे वस्त्रे मागतात. तो राजसेवेच्या ताठ्याने दोघा गवळ्यांच्या पोरांचा अपमान करतो, आणि त्याचे फळ तत्काळ भोगतो. येथे कुणी म्हणेल की पाहा, रंगाऱ्याची ही गत. पण तेथेच, पुढच्या पावलावर, वायक भेटतो. शब्दशः वायक म्हणजे विणकर. परंतु त्याचे काम पाहिले तर ते शिंप्याचेच आहे. तो रंगीबेरंगी वस्त्रे घेऊन दोघा भावांच्या अंगाला शोभेल असा वेष सजवितो. ना त्याची जात विचारली, ना शुद्धी. त्याच्यावर प्रसन्न होऊन भगवंतांनी त्याला सारूप्य दिले, आणि इहलोकी ऐश्वर्य, बळ व स्मृतीही दिली. कुब्जेचे चंदन आणि सुदामा माळ्याचे हार आपण कीर्तनात रंगवून सांगतो. या दोघांच्या आधी ज्याने देवाला नटविले तो वायक मात्र घाईत निसटून जातो. रजक मेला तो उर्मटपणाने, रंगाने नव्हे.

आणि पंढरपुरात राहून ही शंका विचारावी? महाद्वाराच्या पहिल्या पायरीला आपण नामदेव पायरी म्हणतो. दामाशेटी आणि गोणाई यांचे हे पुत्र शिंपी होते, हे त्यांनी कधी झाकले नाही. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई, दोरा एवढेच नव्हे, तर रंगविणे आणि शिवणे ही दोन्ही कामे त्यांनी नामस्मरणाला जुंपली आहेत. पंजाबात तर त्यांना कापड रंगविणारे-छापणारे म्हणजे छींबा म्हणूनच ओळखतात. त्या प्रांतातील घुमान येथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले ते याच नात्याने. ज्या पायरीवर आपण रोज मस्तक ठेवतो, तिच्या नावाचा धंदा आपल्या घरात चालत नाही, हे म्हणणे आम्हांस समजत नाही. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. आणि त्यांच्या समाजाला मंदिराचे दार उघडावयास १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचे प्राणांतिक उपोषण लागले, हेही पंढरपूरकराने विसरू नये. स्मृतीतले वचन आणि संतांचा आचार यांत विरोध आला तर आमची निष्ठा कोठे आहे, हे आम्ही त्या गृहस्थांना निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

ते उठून गेले. पटले असे त्यांनी म्हटले नाही, आणि आजही ते या विषयावर आमच्याशी बोलत नाहीत. कन्या मात्र शनिवारी येते. आता ती धाकट्या मुलांना हिरड्याचे पाणी कालवून देते. तिच्या बोटांच्या नखांत मंजिष्ठेचा तांबूसपणा कायमचा बसला आहे, आणि वडिलांच्या ताटात तिनेच वाढलेले अन्न असते.

आता शिवणाकडे वळू. आक्कांच्या परसात रंगविलेल्या कापडांचे शेवटी होते काय? गोधडी. कुणी वाकळ म्हणेल, कुणी चौघडी. आमच्या संस्कृतात कंथा. योग्याची कंथा आणि आजीची गोधडी ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, ही गोष्ट आम्हांस फार प्रिय आहे. जुनी लुगडी आणि धोतरे यांचे थर जमिनीवर पसरावयाचे, कडांना दगड किंवा वरवंटा ठेवून ताणावयाचे, वर ठिगळांचा थर, आणि मग कच्चा टाका घालून सगळे एकत्र बांधावयाचे. त्यानंतर काठापासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा फिरत फिरत मध्याशी पोहोचतो. जुने कापडच का? ते शेकडो वेळा धुतलेले असते. त्यातली खळ आणि मेण केव्हाच निघून गेलेले असते. म्हणून ते अंगाला मऊ लागते, सुई त्यातून लोण्यासारखी जाते, आणि रंगही ते नव्या कापडाहून लवकर पिते. गरिबीने लावलेली सवय आणि रंगाऱ्याचे शास्त्र येथे एकमेकांना भेटतात.

शिकविण्याची आक्कांची रीत आमच्या गुरुजींच्या रीतीहून फार वेगळी नाही. आधी सुईत दोरा ओवणे. मग गाठ. मग एक वीत धावदोरा. टाके सारखे आले नाहीत तर त्या रागवत नाहीत, "उसव" म्हणतात. मुलगा उसवतो आणि पुन्हा घालतो. पाचव्यांदा उसवताना एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आक्कांनी तिची सुई स्वतःच्या हातात घेतली नाही. नुसते म्हणाल्या, "दोरा लांब घेतलाय तू, म्हणून गुंततंय. कोपरापातुर घे." मुलीने दोरा तोडून आखूड केला आणि ओळ सरळ उतरली. दुसऱ्याच्या हातातील सुई ओढून न घेणे, हे शिकविणाऱ्याला साधण्यास फार कठीण. कीर्तनात पाठीमागे उभ्या राहिलेल्या कोवळ्या टाळकऱ्याचा ठेका चुकला म्हणजे आमचा हात आपोआप त्याच्या टाळाकडे जातो. आक्कांचा हात जात नाही. धावदोऱ्यानंतर टीप, टीपेनंतर काज. काज जमले की मग यंत्राला हात लावू देतात, त्यापूर्वी नाही. मुलगेही बसतात. बोटात अंगुस्तान घालून मांडीवर कापड घेतलेला मुलगा पाहून रस्त्यावरून जाणारे हसत असत. आता हसत नाहीत.

हाताने विद्या शिकविण्याची ही गोष्ट नवी नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली, तीच पुढे नई तालीम झाली. आमच्या पिढीने शाळेत टकळीवर सूत काढले आहे. पुढे कार्यानुभव आला. त्याचे काय होते ते पालक जाणतातच. रुमालाला चार टाके घालून गुण मिळवावयाचे आणि ते टाके आईने घालावयाचे!

वनस्पतिरंग मागे का पडले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८५६ साली इंग्लंडात पर्किन यांनी प्रयोगशाळेत पहिला जांभळा रंग केला. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेच्या युरोपीय भगिनीतील लाल द्रव्य कृत्रिम रीतीने होऊ लागले, आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या पात्राला चिकटून राहिलेला सुती कापडाचा एक तुकडा मिळाला, तो मंजिष्ठाकुळातील रंगाने रंगविलेला होता. चार हजारांहून अधिक वर्षांची ही परंपरा त्या चाळीस वर्षांत खचली. कारखान्याचे रंग स्वस्त, झटपट आणि नेहमी एकसारखे. रंगाऱ्यांनी ते घेतले यात त्यांचा दोष नाही. झाडाचा म्हणून प्रत्येक रंग निर्दोष, असेही कुणी समजू नये. रंगबंधनासाठी काही जण वापरतात ते मोरचूद घरात मुलांच्या हाती देण्याजोगे नव्हे. आक्का फक्त हिरडा, तुरटी आणि लोखंडाचे पाणी वापरतात. आणि उरलेले पाणी चंद्रभागेला नव्हे, परसातल्या खड्ड्यात जाते. आमच्या मते घरचे लुगडे-धोतर सगळे वनस्पतिरंगी व्हावे हा आग्रह वेडेपणाचा आहे. पण वर्षातून एकदा, घरातल्या मुलांसमोर, एक कापड आपल्या हाताने रंगवावे आणि शिवावे, एवढे कुणालाही जड नाही.

त्याला मुहूर्तही उद्याचाच आहे. दसऱ्याला आपल्या दारांवर, देवांवर, वाहनांवर आणि हत्यारांवर मिळून किती झेंडू चढतो! तिसऱ्या दिवशी तो उकिरड्यावर किंवा नदीत जातो. या वेळी तो जाऊ देऊ नये. फुले कुजण्यापूर्वी देठ आणि दोरे काढून पाकळ्या निवडाव्यात. केशरी फुलांचा रंग अधिक गडद येतो. लगेच सवड नसेल तर पाकळ्या सावलीत वाळवून ठेवाव्यात.

पाव किलो जुने सुती कापड घ्यावे; आजीचे मऊ लुगडे असेल तर उत्तम. ते रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुवावे. ५० ग्रॅम हिरडापूड कापड बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्या पाण्यात कापड तासभर ठेवावे, पिळावे आणि न धुता सावलीत वाळवावे. मग ४० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड रात्रभर बुडवून ठेवावे. पिळून वाळवावे, आणि रंगात घालण्यापूर्वी एकदाच पाण्यातून काढावे. अर्धा किलो ताज्या पाकळ्या, किंवा वाळलेल्या असल्यास पाव किलोहून थोड्या कमी, पाऊण तास मंद आचेवर शिजवून गाळाव्यात. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी असेल तर रंग काळवंडतो. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. गाळलेल्या पाण्यात ओले कापड सोडून मंद आचेवर पाऊण तास काठीने सतत फिरवावे. फिरविणे थांबले तर डाग पडतात, म्हणून हे काम मुलांकडे पाळीपाळीने द्यावे. पाणी आपोआप निवेपर्यंत कापड त्यातच असू द्यावे. रंग पिवळाधमक येतो. गंजलेला खिळा भिजवलेले पाणी पळीभर त्यात टाकले तर तो शेवाळी हिरवा होतो. टिकाऊपणात हा मंजिष्ठेच्या तोलाचा नाही, पण हळदीपेक्षा बरा. कापड सावलीत वाळवून दोन-तीन दिवस तसेच ठेवावे, आणि पहिले धुणे नुसत्या रिठ्याच्या पाण्याने करावे. कोजागरीपर्यंत ते शिवावयास तयार होते.